चाळीस सेकंदांचा कौल

"उजवो! उजवो दिल्यान देवीन!" तातू परब फोनवर एवढ्यानं ओरडला की दीपमाळेवरचे पारवे उडाले.

मुंबईहून तिथल्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष भाई राऊळ यांचा आवाज आला. तो ऐकायला फोन कानाला लावायची गरज नव्हती, सगळ्या मंडपाला ऐकू येत होता.

"काय पडलं म्हणतोस?"

"उजवो कळो, भाई! आत्ताच पडलो!"

"कुठं पडला? मी समोर पडद्यावर बघतोय. माझ्यासोबत दीडशे माणसं बघतायत. दोन्ही कळे जाग्यावर आहेत. सोमा अजून गाऱ्हाणं घालतोय!"

तातूनं फोन हातभर लांब धरला. आधी गाभाऱ्याकडं बघितलं, मग मंडपाच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्याकडं.

"नानानू," तो हळूच म्हणाला, "मुंबैत देवी उशिरा पोचता काय ओ?"

मी उत्तर द्यायच्या आत भाई मालवणीवर आले. मुंबईत तीस वर्षं काढलेला माणूस, एरवी छापील बोलायचा. मालवणीवर आला की समजायचं, आता खैर नाही.

"तातू मेल्या, पडूच्या आधी तुका कळला कसा? ठरवन ठेवलास काय रे सगळ्यांनी मिळान?"

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. गावाचं नाव कासरवण, देवी वाघजाई. गावातलं काहीही मोठं ठरवायचं असलं की देवीला कौल लावायचा. गुरव पाण्यात भिजवलेले पिटकुळीचे दोन तांबडे कळे देवीच्या अंगावर चिकटवतो, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवा कळा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. कळे लावायचा हक्क एकट्या गुरवाचा. दुसऱ्या कुणी देवीला हात लावायचा नाही. गाभारा इतका अरुंद आणि काळोखा, की कुठला कळा पडला हेही गुरवच बाहेर येऊन सांगणार आणि गाव ते मानणार.

गाव मानत होतं. मुंबईचं मंडळ मानेनासं झालं होतं. आदल्या वर्षी मंडळानं कौलारू देऊळ पाडून संगमरवरी बांधायचं ठरवलं, तर देवीनं तीनदा विचारून तीनदा डावा दिला. तेव्हापासून भाई राऊळांच्या डोक्यात बसलं की डावा देवी देत नाही, सोमा गुरव देतो. म्हणून त्या मंगळवारी देवीला विचारायचा प्रश्न एकच होता. सोमा गुरवानं गुरवकी पुढं चालवावी की नाही? उजवा पडला तर सोमा राहणार. डावा पडला तर त्याच दिवशी किल्ल्या त्याच्या पुतण्याच्या, उमाकांतच्या, हातात. आणि पंचाईत बघा, ज्याच्यावर आळ त्यानंच कळे लावायचे! दुसऱ्या कुणाला हक्कच नाही.

म्हणून कॅमेरा. आणि कॅमेऱ्यासोबत मी.

मी तेव्हा तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास चालवत होतो आणि थापा मारत होतो. नाव झालं ते थापांमुळं. छत्रीच्या काड्यांची एरियल करून भर समुद्रात ट्रॉलरवर इंटरनेट पोचवल्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती, की लोक आपल्या होडीसाठी छत्र्या घेऊन क्लासवर यायचे. मंडळाची वेबसाइट मीच बांधलेली. वर देवीचा एक फोटो, खाली अध्यक्षांचे तीन. भाईंचा फोन आला, "नाना, कौल आम्हाला मुंबईत बसून डोळ्यांनी बघायचाय. जसा पडेल तसा. टीव्हीवर मॅच बघतात तसा."

मी म्हटलं, त्याला वेगळा सर्व्हर लागतो, थेट प्रक्षेपणाचा. आपला साधा आहे, पानं आणि फोटो दाखवणारा.

"त्याच्यातच बसव," भाई म्हणाले. "तू ट्रॉलरवर पोचवलंस ना?"

झालं. मग माघार कशी घेणार?

आता मुंबईत देवी उशिरा का पोचली, ते त्या दिवशी मी तातूच्या फोनवरून भाईंना समजावलं, तसंच सांगतो.

"भाई, साधा सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. आत चुलीवर काय शिजतंय ते त्याला ठाऊक नसतं. जे पातेलं मागाल ते आणून वाढतो, बास. त्याला थेट-बिट काही कळत नाही. म्हणून मी काय केलंय, इथल्या चित्राचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडतोय. प्रत्येकाला नंबर. एक, दोन, तीन. तुकडा झाला की शाळेतल्या इंटरनेटच्या लाइनवरून सर्व्हरवर चढवतोय. तुमच्या पडद्यावरचं पान त्याच्याकडं एकामागून एक नंबर मागतंय आणि जोडून दाखवतंय. तुम्हाला वाटतं सलग चाललंय."

"मग उशीर कशाला?"

"तुकडा पूर्ण व्हायला दहा सेकंद. चढायला दहा-पंधरा. आणि मधेच लाइन अडखळली तर चित्र थांबू नये म्हणून तुमचं पान दोन तुकडे हातात राखून चालतंय. सगळे मिळून चाळीस सेकंद."

भाईंनी हं म्हटलं. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "नाना, हे चाळीस सेकंद असतात कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे देवीनं दिलं आणि आम्हाला दिसलं, याच्यामधले चाळीस सेकंद कुणाकडे असतात?"

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ विचारलंय, पण असा अचूक प्रश्न एखाद्या इंजिनीअरनंही विचारला नसता.

"माझ्याकडे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"असं," भाई म्हणाले.

त्या 'असं'नंतर संशयाला जे पाय फुटले ते विचारू नका. मुंबईत कुणीतरी म्हणालं, हे सगळं कालच चित्रित करून ठेवलंय. म्हणून भाईंनी तातूला गाभाऱ्याच्या दारात उभं राहून कॅमेऱ्याला तीन बोटं दाखवायला लावली. चाळीस सेकंदांनी मुंबईला तीन बोटं दिसली. तर दुसरा कुणीतरी म्हणाला, बोटं तातूचीच कशावरून? तातूनं अंगठी दाखवली. तिसऱ्याला शंका आली की तातूला अंगठी कधीपासून आली? त्यावर तातूच भडकला. "बायलेक विचारा माझ्या!"

इकडं गावातही काही कमी नव्हतं. मंडपात म्हातारे एकमेकांच्या कानाला लागले होते. देवीचे तुकडे पाडले म्हणतात. तुकडे! एकानं मला येऊन विचारलं, "नानानू, जे तुकडे मुंबैक गेले, ते देवीत परत भरतले मां?"

"भरतले," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत."

त्याचं समाधान झालं. खरं सांगून कुणाचं झालं नव्हतं.

शेवटी भाईंनी फर्मान काढलं. हा कौल रद्द. पुन्हा लावायचा. या वेळी फोन बंद. कळा पडल्यावर सोमानं गाभाऱ्यातच गप्प बसायचं, कुणी हूं का चूं करायचं नाही. मुंबई पडद्यावर बघेल, मग फोन करून सांगेल काय पडलं ते. त्यानंतर सोमानं बाहेर यायचं आणि आपण काय बघितलं ते सांगायचं. दोन्ही जुळलं तर खरं.

"म्हणजे आधी मुंबै बोलतली आणि मगे देवी," तातू पुटपुटला.

सोमा गुरव गाभाऱ्याबाहेर येऊन उंबऱ्यावर बसला होता. पासष्टीचा, काटकुळा, कमरेला ओलं सोवळं. अंगातून घाम निथळत होता, कारण कॅमेऱ्यासाठी मी आत हॅलोजनचा मोठा दिवा लावला होता आणि गाभाऱ्याची नुसती भट्टी झाली होती. निरोप ऐकून तो म्हणाला, "एकदा विचारलंय. तिना सांगल्यान. ती काय पोस्टातली बाय असा, खिडकेर जावन पुन्हा पुन्हा विचारूक?"

"आबानू, नाय म्हटलास तर तेंका वाटतला तुमी घाबारलास," तातू म्हणाला.

"घाबारलंयच." सोमा सरळ म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "तू जरा हंय ये रे."

मी जवळ जाऊन बसलो. त्यानं हात पुढं केले. तळवे पांढरे, पाण्यात राहून राहून सुरकुतलेले.

"बापूस गेलो तेव्हा मी सव्वीस वर्साचो. तेव्हापासून रोज सकाळी हेच हात तिका न्हाणयतत. माका बाजारात भाव करूक येणा नाय, नांगर धरूक येणा नाय. लगीनसुद्धा आवशीन जमवल्यान. माका ह्या एकच येता. ह्या गेला तर मी सकाळी उठान करू काय?"

त्यानं हात मागं घेतले आणि कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडं मान केली.

"खरा सांग. तुझ्या त्या डब्यात मधल्यामधी काय बदलूक येता?"

"छ्या!" मी म्हटलं. "डबो तो. तेका काय कळता?"

सोमानं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. समोरच्या खांबाला टेकून त्याचा पुतण्या उमाकांत उभा होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, मुंबईहून मंडळानंच रजा काढायला लावून आणलेला. तोही माझ्याकडंच बघत होता. मला वाटलं, हा पोरगा भाईंचा माणूस, माझ्यावर नजर ठेवायला बसवलाय. पुढं कळलं की त्याला वाटत होतं मीच भाईंचा माणूस, त्याच्या काकाला घालवायला पैसे खाऊन आलेला. आणि भाईंना वाटत होतं आम्ही दोघंही सोमाला सामील. देवी सोडली तर त्या दिवशी तिथं कुणाचा कुणावर भरवसा नव्हता, आणि देवीवरही मुंबईनं कॅमेरा लावलेला.

दुपारचे बारा वाजून गेले होते. सोमानं विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली, ओलेत्यानं आत गेला. तातूनं फोन बंद करून सगळ्यांना दिसेल असा दीपमाळेच्या कट्ट्यावर ठेवला. मी लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर काळी मूर्ती, चांदीचे डोळे, सोमाचा हात. एक कळा उजवीकडं. एक डावीकडं. हात पडद्याबाहेर गेला आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा माये वाघजाय, कासरवणच्या राखणकर्ते... आज तुझ्या म्होरं तुझोच चाकर उभो असा. तुका हात लावूक हो लायक असा तर उजवो दी. नसलो तर डावो दी. मुंबैचे बघतत, गाव बघता. माका राखूचा म्हणान नको, खरा म्हणान दी गे माये..."

मग शांतता.

तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली. सकाळी पहिल्या कौलाच्या वेळी दिवा नुकताच लावलेला होता आणि मूर्ती सगळी ओली, चकचकीत होती. आता तासभराच्या भांडणात तो दिवा तसाच जळत राहिला होता. उजवीकडं समई असल्यानं मी तो डावीकडं, मूर्तीपासून हातभरावर ठेवला होता. मूर्तीची उजवी बाजू ओली होती. डावी कोरडी झाली होती. राखाडी पडली होती, आणि तिथं लावलेला कळा कडेनं सुटत चालला होता.

ओरडावं असं वाटलं. पण ओरडलो असतो तर मुंबईनं म्हटलं असतं, खूण केली.

एक कळा पडला.

कुठला ते मी बघितलं. मंडपात दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. मग माझी बोटं चालू लागली, आणि ती काय करतायत हे मला त्यांच्यामागून समजत गेलं. मिनिटभरानं मी शाळेकडून आलेली वायर लॅपटॉपातून उपटली आणि मोठ्यानं म्हटलं, "लाइन गेली! पण जायचं ते गेलंय मुंबैक!"

तातूनं धावत जाऊन फोन चालू केला. तो लगेच वाजला.

"उजवा!" भाईंचा आवाज आला. मागं दीडशे माणसांचा गलका. "उजवा पडला! सगळ्यांनी बघितला! आता सोमाला बाहेर बोलवा, काय सांगतो बघू."

मंडपात टाळ्या पडल्या. एक म्हातारी रडायला लागली. उमाकांतनं हसून मान हलवली आणि खांबापासून बाजूला झाला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

सोमा दारात येऊन उभा राहिला. टाळ्या ऐकून बावरला. डाव्या हातानं चौकट धरली.

"डावो," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"डावो दिल्यान. मी बघलंय."

"आबानू, चुकलास," तातू घाईघाईनं म्हणाला. "मुंबैकारांनी बघितल्यानी. उजवो."

"मुंबैकारांनी काय बघितल्यानी ता तेंका ठाऊक. मी हातभर लांब होतंय. डावो."

तातू, उमाकांत आणि आणखी दोघे दारातून आत वाकले. पण एवढ्या उकाड्यात ओले कळे तरी किती वेळ टिकणार? दुसराही पडला होता. देवीच्या पायाशी दोन कळे, एकासारखा एक, शेजारी शेजारी. कुठला आधीचा ते कुणी ओळखायचं?

भाईंनी फोन सोमाच्या कानाला लावायला सांगितला, पण त्यांचं बोलणं सगळ्यांनीच ऐकलं. आवाज पार बदलला होता. "सोमाआबा, मी तुमच्या पाया पडतो. मी तुमच्यावर नको तो संशय घेतला. देवीनं उजवा दिला, सगळ्या मुंबईनं बघितला, आणि तरी तुम्ही स्वतःच्या विरुद्ध डावा सांगताय! असा गुरव आम्हाला कुठं मिळणार? वयानं नजर चुकली असेल. पण मन! मन बघा कसं आहे!"

"नजर चुकली नाय," सोमा म्हणाला.

"असू दे, असू दे. गुरवकी तुमचीच. मरेपर्यंत तुमचीच."

सोमानं फोन तातूकडं दिला आणि माझ्याकडं बघितलं. नुसता बघत राहिला, आणि मी, ज्यानं पोलीस पाटलालाही न बिचकता थाप मारलीय, तो उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हटलं, "आबा खरा सांगतत. डावोच पडलो. मी बदलला."

कुणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. सकाळच्या कौलाचे तुकडे लॅपटॉपात तसेच होते. ज्यात उजवा कळा पडतो तो तुकडा आणि त्याच्यापुढचे तीन मी काढले, त्यांना आत्ताचे नंबर दिले आणि सर्व्हरवर चढवले. सर्व्हरला काय, नंबर मागितला, नंबर दिला. सकाळचं की दुपारचं ते त्याला कळत नाही. दोन्ही वेळी देवी तीच, कळे तेच, शांतता तीच. मुंबईनं दुपारचं गाऱ्हाणं ऐकलं आणि सकाळचा कौल बघितला. डावा कळा ज्या तुकड्यात पडला तो मुंबईला गेलाच नाही. अजून इथं लॅपटॉपात आहे. बघा हवं तर.

तातूनं फोन उंच धरला होता, म्हणजे मुंबईनंही ऐकलं. मग फोनमधून पहिल्यांदा हसू आलं, आणि पाठोपाठ मंडपात.

"नाना!" भाई हसत हसत म्हणाले. "तुझ्या छत्रीच्या काड्यांची गोष्ट माझ्या मुलांनीसुद्धा ऐकलीय! आबांची लाज राखायला एवढी मोठी थाप मारलीस! वा!"

"थाप नाही भाई. तुकडा बघा. मी आत्ता चढवतो."

"आणि तो कशावरून खरा?" भाई म्हणाले. "आत्ताच सांगितलंस, तुला काय हवं ते बदलता येतं."

उभ्या आयुष्यात एवढ्या थापा पचवल्या, आणि एक खरं बोललो तर ते अंगावर उलटलं. लॅपटॉप फिरवून मी तो तुकडा मंडपातल्या लोकांना दाखवला. डावा कळा सुटताना स्पष्ट दिसत होता. म्हातारे वाकून वाकून बघायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. "बरा केलास हां नानानू. हुबेहूब केलास."

फक्त उमाकांत हसला नाही. त्यानं तुकडा दोनदा बघितला आणि काकाकडं बघितलं.

सोमा हे सगळं उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. गलका जरा बसला तसा तो आत गेला. समईत तेल घातलं. माझ्या दिव्याचं बटण त्याला सापडेना, तर त्यानं वायरच ओढून काढली. बाहेर आला तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यानं तो उमाकांतच्या हातात ठेवला.

"काका, ह्या काय?" उमाकांत मागं सरला. "माका नको. मुंबैत माजी नोकरी असा."

"तुका होयी काय नको ता मी विचारूक नाय. सकाळी पाच वाजता पाणी तापय. थंड पाणी तिका चलणा नाय, थंडीत तरी."

"अहो, पण सगळे तुमच्या बाजूनं आसत!" तातू म्हणाला. "भाईसुद्धा!"

"बाजूचा कोण विचारता?" सोमा म्हणाला. "कौल आमी कित्याक लावतांव? तुमका बरा वाटाचा म्हणान? तिना सांगल्यान, जा. मी चललंय."

फोनमधून भाई ओरडत होते. "त्यांना थांबवा! अरे कुणीतरी अडवा! सोमाआबा, मंडळाचा ठराव करतो, आत्ता करतो!" सकाळी जो माणूस सोमाला घालवायला बसला होता तोच आता त्याच्या विनवण्या करत होता, आणि सोमा पायऱ्या उतरत होता. खालच्या पायरीवर वळून त्यानं देवळाला नमस्कार केला. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा कसानुसा झाला.

मी लॅपटॉप तिथंच टाकून त्याच्या मागं धावलो. घाटीच्या वळणावर गाठला. त्याचा वेग पासष्टीच्या माणसाचा नव्हता.

"आबानू, थांबा! ऐका तरी! देवीन डावो दिल्यानच नाय. माझ्या दिव्यान झाला ता. डावी बाजू तापान सुकली, म्हणान कळो सुटलो. सकाळी तिना उजवो दिल्यान, तो खरो!"

तो चालतच राहिला. "दिवो डावीकडे ठेवची बुद्धी तुका कोणी दिली?"

"उजवीकडं समई होती. जागा नव्हती."

"समई थंय कोणी ठेवली?"

"आता ह्या काय बोलणा!" मी वैतागलो. "तसा म्हटला तर तुकडे बदलूची बुद्धी माका कोणी दिली? तीही तिनाच दिली असतली!"

आता तो थांबला. चांगला विचार केला. मला वाटलं, पकडला म्हाताऱ्याला.

"ना," तो म्हणाला. "ती तुजी."

"कशावरून?"

"तू घाईत होतंस. तिका घाई नसता."

आणि पुन्हा चालू लागला. मी त्याच्या मागून. खाली वहाळावर थांबून त्यानं हात धुतले, मग पुन्हा धुतले, वास घेऊन बघितला. फुलांचा असेल नाहीतर तेलाचा. मग ते हात कुठं ठेवायचे ते त्याला समजेना. एकदा पाठीमागं बांधले, एकदा खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळले. शेवटी सुटे सोडून दिले.

रस्त्याला लागलो तशी तालुक्याकडं जाणारी रिक्षा दिसली. सोमानं हात दाखवून ती थांबवली. मला वाटलं माझ्यासाठी. तर तोच आधी चढून बसला.

"आबानू, तुमी खंय?"

"बाजारात," तो म्हणाला. "बांगडे इले असतले मां?"

मी बघतच राहिलो. गुरवकी घेतल्यापासून सोमानं मासे तोंडात घातले नव्हते, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. देवीला हात लावायचा ना! बाकीचे गुरव फक्त वार पाळायचे. यानं एकूणचाळीस वर्षं सगळेच वार पाळले होते.

"अहो, आज मंगळवार," मी म्हटलं.

"मंगळवार देवीचो," सोमा गुरव सरकून मला जागा करत म्हणाला. "मी आता देवीचो नाय."